पिवळे हात

३ मार्च, सोमवार

नांदेडचं पक्कं झालं. नवं रुग्णालय, आणि मी तिथली मुख्य परिचारिका! पंधरा एप्रिलपर्यंत होकार कळवायचा. मधुवंतीला फोन केला तर लेक आनंदाने ओरडलीच. "आई, आता तरी सोड ते हिंगोलीचं! अठ्ठावन्न वर्षांची झालीस, अजून किती दिवस लोकांच्या शिव्या खाणार?" तिचं घर नांदेडलाच. नातवाला शाळेतून आणशील, म्हणते. मागे अंगण आहे, म्हणते.

मला का आनंद झाला नाही? फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिले. चहा निवला.

५ मार्च

सात सिस्टर्सपैकी चार रजेवर. हळदीची रजा! घरच्या शेतात हळद शिजवायला कढई चढली की आमच्या मुली गावाकडे पळतात. लग्नाची रजा नाकारली तर चालेल, ही नाकारायची नाही. सासू, दीर, नवरा सगळे फोन करतात. "मेट्रनबाई, शिजलेली हळद थांबत न्हाई."

खरंच थांबत नाही. पण पेशंट थांबतात का?

आमच्या ट्रस्टचे सचिव बंडोपंत. त्यांना पुन्हा म्हटलं, दोन मुली तरी नेमा. त्यांचं ठरलेलं उत्तर — "मॅडम, तुम्ही आहात ना!" एकवीस वर्षं हे वाक्य ऐकतेय. पूर्वी ऐकून छाती भरून यायची. आता वाटतं, बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी ही थाप. चल, अजून एक तास!

८ मार्च

महिला दिन. बंडोपंतांनी प्रत्येकीला गुलाब दिला. उरलेल्या तिघींनी तो कानामागे खोचून सात जणींचं काम केलं.

१० मार्च, सोमवार

आज मात्र हसले! कितीतरी महिन्यांनी.

डॉ. अनुश्री म्हणून पुण्याची मुलगी आलीय, दोन महिने झाले. हुशार, पण घाबरट. हळदीच्या ढोलावर काम करणारा एक बाप्या पोटदुखी घेऊन आला. ढोलात हळद घासून चकचकीत करतात, त्याची भुकटी उडते, माणूस नखशिखांत पिवळा होतो. हिने त्याला बघितलं आणि घाईघाईने काविळीची रक्ततपासणी लिहून दिली! आमची आया भिकाबाई पोट धरून हसली. "डॉक्टरीणबाई, ह्याला औषध न्हाई, घासायला दगड द्या!"

मीही म्हटलं, सगळ्यांसमोर, "डॉक्टर, या महिन्यात अर्धा जिल्हा पिवळा असतो. सगळ्यांचं रक्त काढायचंय का?" अख्खा वॉर्ड हसला. तो बाप्यासुद्धा. रिपोर्ट साफ आला, मग तर काय!

पोरीचे कान लाल झाले होते. शिकेल.

१३ मार्च, गुरुवार

होळी. कुणी जागेवर नाही. मी आणि दोन पोरी मिळून बावीस खाटा.

सेनगावकडची एक गर्भारशी आली, सरिता. सातवा महिना, उलट्या, अंगात त्राण नाही. हळद निवडायला जाते. तळवे, नखं, मनगटं, सगळं पिवळंधमक. "कामाला अजून जातेस का गं?" विचारलं. "व्हय बाई. बसूनच करायचं असतंय," म्हणाली. हसते छान. सलाईन लावलं.

दाराशी अनुश्री घुटमळत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, हिची कावीळ तपासू का?"

मी म्हटलं, "परत?"

गेली बिचारी. माझे पाय इतके सुजलेत की चपलेचा पट्टा रुतलाय.

१४ मार्च

धुळवड. सरिताची उलटी थांबली. घरचे म्हणाले, सणाचं नेतो. सोडलं.

१६ मार्च, रविवार

सुट्टी मिळाली आणि जिथे वाढले, नर्सिंग शिकले, ते जालन्याचं कॉन्व्हेंटच दिवसभर आठवत राहिलं. फिनेल आणि ताज्या पावाचा वास. दगडी व्हरांडा. सकाळी रांगेत उभं राहून हात पुढे करायचे आणि सिस्टर ॲग्नेस एकेकीची नखं बघत जायच्या. मळ दिसला की पट्टी. पण संध्याकाळी त्याच सिस्टर माझे केस विंचरायच्या, मला आई नव्हती म्हणून. त्यांचे हात थंड असायचे. पांढरी टोपी पहिल्यांदा डोक्यावर चढवली तेव्हा वाटलं होतं, आता मीही तशीच होणार. कडक आणि मायाळू.

आजही खाटेपाशी गेले की नजर आधी हातांवर जाते. तीच सवय.

मायाळूपण कधी गळून पडलं? आता फक्त कडकपणा उरलाय. तोही दमलेला. काल एका म्हातारीने चादर मागितली तर मी म्हटलं, "घरून आणायची." तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जावं नांदेडला. अंगण आहे.

१८ मार्च, मंगळवार

सरिता परत आली. जीपमध्ये आडवी टाकून आणली. माणूस ओळखत नव्हती. मी पापणी उचलली.

डोळे पिवळे. हळद डोळ्यांत जात नाही!

अनुश्री माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही. अँब्युलन्स करून नांदेडला पाठवलं. त्याआधी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला गेले तर काही ऐकू आलं नाही.

१९ मार्च

मुलगा होता. गेला. सरिता आहे अजून. अतिदक्षता विभागात.

सकाळपासून माझाच आवाज ऐकतेय. "परत?" एकच शब्द. इतका छोटा!

२१ मार्च, शुक्रवार

बंडोपंतांनी चौकशी बोलावली. चौकशी कसली, निकाल लिहूनच आणला होता. तपासणी करायची जबाबदारी डॉक्टरची, अनुश्री कंत्राटावर, कंत्राट संपवायचं.

मी उभी राहिले. म्हटलं, "तिला शंका आली होती. तिने मला विचारलं. मी उडवून लावलं. त्याच्या तीन दिवस आधी तिला सगळ्यांसमोर हसलेही होते. मी खाटेपाशी उभी होते, मलाही दिसलं नाही."

वाटलं, आता खोली हादरेल. बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुमचं मन फार मोठं. पण पोरीला वाचवण्यासाठी असं स्वतःवर घेऊ नका."

"मी खरं सांगतेय."

"बराबर, बराबर. एकवीस वर्षं पाहतोय मी तुम्हाला. तुमच्या नजरेतून सुटेल होय?" मग आवाज खाली आणून, "नांदेडचं कळलं मला. सुखानं जा. मोठा सत्कार करू. उगीच जाता जाता नावाला डाग कशाला?"

कुणीच विश्वास ठेवला नाही! भिकाबाईसुद्धा बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, "मेट्रनबाई, तुमी देवमाणूस हाव." इतकी वर्षं कमावलेलं चांगलं नाव आज माझ्याच तोंडावर हात ठेवून बसलं.

२४ मार्च, सोमवार

अनुश्री गेली. बॅग भरताना तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, मी सांगितलं होतं त्यांना. म्हणाली, "कळलं. सगळे तुमच्या मोठेपणाबद्दल बोलत होते." बॅगची चेन अडकत होती. मी हात पुढे केला, तिने बॅग बाजूला ओढून घेतली.

"मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता," ती म्हणाली. "चूक माझीही आहे. पण पुन्हा हसतील, असं वाटलं." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही जा मॅडम नांदेडला. तिथे पिवळी माणसं कमी असतील."

मी वॉर्डात परतले.

२९ मार्च

नांदेडला होकार लिहिला. पाठवला नाही.

३० मार्च

पाडवा. मधुवंतीने फोनवरूनच माझं इथलं भाड्याचं घर सोडायला लावायचा धडाका लावलाय. "आई, तुझी काही चूक नाही. तू माणूस आहेस की यंत्र? एका बाईमुळे स्वतःला जाळून घेऊ नकोस." तिच्या आवाजात काळजी होती. मला राग आला. एका बाईमुळे! तिला सरिताचं नावही माहीत नाही. मग वाटलं, महिन्याला किती नावं मी तरी लक्षात ठेवते? दहा नंबर, बारा नंबर.

गेले तर पळाले असं होईल. राहिले तर तीच मी, तोच वॉर्ड, तोच गुलाब. दोन्हीकडे तीच बाई जाणार. तिचं काय करायचं?

९ एप्रिल, बुधवार

भिकाबाईचं माहेर सरिताच्या गावालगत. तिने खबर आणली. सरिता घरी आली. चालते थोडी. "तुमी काहून रडून राहिल्या, बाई? वाचली न्हाई का ती?"

जाणार आहे. रविवारी. कुणाला न सांगता. तिथे तरी माझं खरं मानतील. शिव्या देतील, देऊ देत.

१३ एप्रिल, रविवार

गेले. सासू दारातच उभी. "आता काहून येऊन राहिल्या, बाई?" आतून सरिता म्हणाली, "आत्याबाई, बसू द्या त्यांना." मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी, मी बघायला हवं होतं, डॉक्टरला मी अडवलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लघवी आठ दिसांपासून लाल व्हती. तुमाला सांगणारच व्हते बाई. पण तुमी माझ्या खाटेचा दांडा धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. म्हनलं, ह्यांनाच लई तकलीफ हाय. आपली आनखी कशाला?"

परतीच्या जीपमध्येच नांदेडला कळवलं, येत नाही. मग बंडोपंतांना राजीनामा. तिथेही नाही.