तीन वर्षांची सायकल

५ एप्रिल, शनि.
समीरला माउंटन बाइक हवी आहे. ऑफिसातली टोळी रविवारी शहराबाहेर टाउनुसच्या डोंगरात जाते आणि हा भाजी आणायच्या सायकलवर धापा टाकत मागे. घरात दुसरा विषय नाही. हार्डटेल की फुल सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलायला फक्त पुढे स्प्रिंग, की मागेही. पोळ्या लाटताना व्हिडिओ दाखवतो. मी हं हं करते.

६ एप्रिल
बाबांचा पुण्याहून फोन. जावई सायकल घेतोय याचं भारी कौतुक. "इकडे आणणार ना गं ती? सिंहगडाकडे काय मस्त चालेल." पुढच्या वर्षी मेमध्ये आम्ही कायमचे परत येतोय, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. आई गेल्यापासून एकटे आहेत. वरचा मजला आमच्यासाठी रिकामा, भाडेकरू नको म्हणतात.

१२ एप्रिल
स.च्या ऑफिसातला योर्ग त्याची जुनी हार्डटेल विकतोय. त्याच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जाऊन पाहिली. हलकी, साधी. मी म्हटलं, खोक्यात भरून विमानाने नेता येईल. स. जर्मनमध्ये म्हणाला, "या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी. पुढे ट्राममध्ये फोनवर दुसऱ्याच सायकली बघत बसला.

मागच्या रस्त्यावर झाडांच्या मुळांवरून एकच चक्कर मारली होती, तर संध्याकाळी कंबर धरून बसला. गेल्या वर्षीचं डिस्कचं दुखणं आठवलं. तेव्हा मोजेसुद्धा मी घालून देत होते. मीच म्हटलं, मरू दे ती हार्डटेल, फुल सस्पेन्शन घे. इतका खूश झाला की जरा नवलच वाटलं.

१७ एप्रिल
आता कळलं का ते.

सायकलच्या दुकानात गेलो. फुल सस्पेन्शन महाग, त्यामुळे घ्यायची ती ऑफिसमार्फत लीजिंगवर, पगारातून कापून. इथे सगळे तसंच करतात. दुकानातल्या बाईने सहज सांगितलं, करार तीन वर्षांचा, मधे नोकरी सोडलीत तर डोक्याला ताप. स. मान हलवत होता. त्याला हे आधीपासून माहीत होतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "आणि मे?"

"अगं, तूच म्हणालीस ना, फुल सस्पेन्शन घे."

संताप झाला. काळजी मी केली, आणि त्याने ती संमती म्हणून खिशात घातली. 'मला परत जायचं नाही' असं तोंडाने म्हणाला असता तर भांडले असते, रडले असते, पण निदान माणसासारखं बोलणं झालं असतं.

२० एप्रिल, रवि.
ईस्टर. सगळं बंद, त्यामुळे दिवसभर समोरासमोर. शेवटी तो म्हणाला, "तुला तरी खरंच जायचंय का?"

मला जायचंय. पण हो म्हणायला जरासा उशीर झाला आणि त्याने तो बरोबर पकडला. त्यानंतर चहा करून आणला माझ्यासाठी. जिंकलेल्या माणसाचा चहा. मी प्यायले नाही.

२ मे
करारावर सही केली. मला विचारून. म्हणजे आधी सही, मग विचारलं.

बाबांना कोण सांगणार? स. म्हणतो, "आल्झो, म्हणजे, बघू की, तीन वर्षं काय..." वाक्य पुरं करत नाही. मीही करत नाही. बाबा पुढच्या वर्षी एकोणऐंशीचे होतील.

१० मे, शनि.
सायकल आली. हॉलमध्ये उभी आहे, कोटांच्या खाली, जायला वाट नाही. स. छोट्या पंपाने मागच्या शॉकमध्ये हवा भरत होता, स्वतःच्या वजनाप्रमाणे भरावी लागते म्हणे. तेवढ्यात बाबांचा फोन, स्पीकरवर. वरच्या मजल्याला रंग काढायचाय, रंगारी समोरच उभा. "जावईबापू, तुम्हीच सांगा, कोणता देऊ?"

स. म्हणाला, "तुम्हाला आवडेल तो द्या, बाबा."

किती गोड आवाज.

मी फोन उचलून स्पीकर बंद केला. म्हटलं, "बाबा, रंग राहू दे सध्या."

"का गं?"

स.ने पंप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नंतर करते फोन.

अजून केलेला नाही. तिकडे आता त्यांची झोपायची वेळ होत आली. जागे असतील.