बोटभर अडणारा बोल्ट

चँडलर, शनिवार संध्याकाळ

घरी भरलेल्या वीस काडतुसांपैकी सतरा रायफलमध्ये अलगद बसली. उरलेल्या तीन काडतुसांना मात्र बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, बोटभर राहिला की अडतो. जोर लावला नाही. कॅलिपरने चारदा मोजलं, लांबी सगळ्यांची सारखीच. मग? झाडलेल्या काडतुसांच्या जुन्या पुंगळ्या पुन्हा भरताना त्यांचं मी फक्त तोंड आवळून घेतो, कारण त्या माझ्याच रायफलमध्ये फुगून तिच्या मापाच्या झालेल्या असतात.

माझ्याच ना?

गेल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर सोबत आलेल्या शिर्के काकांनी पुंगळ्या वेचून माझ्या डब्यात टाकल्या. "राहिल्या होत्या रे तुझ्या." त्यात शेजारच्याच्या रायफलच्याही आल्या असतील? पण मग तीनच का अडाव्यात? वीसही बाजूला ठेवली. उद्याची रेंज कॅन्सल. काकांना कारण काय सांगू, कळत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी एकेक पुंगळी वाकून उचलत होते.