सतरा वेळा "नाही"

प्रिय करिश्मा,

माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. तुझी आई ठणठणीत आहे, विहिरीला पाणी आहे आणि फूलगोबी यंदा अशी आली आहे की अकोल्याच्या बाजारात आपली पोती उतरायच्या आधीच लोक विचारतात, "उत्तमरावची हाये काय?" फोन असताना बाबांनी पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. पण फोनवर मी तुझ्याशी काय बोलतो ते तुला ठाऊकच आहे. बरी आहेस ना, जीवनराव बरे आहेत ना, घे, आईशी बोल. तेरा वर्षांत याच्यापुढे मला काही सुचलं नाही. म्हणून हे पाकीट तुझ्या सासरी, धामणगावला पाठवतो आहे.

आपल्या धाकट्या प्रतीक्षाच्या सिनेमाचं तुला आईनं सांगितलंच असेल. पण आईनं सांगितलं ते स्वयंपाकघरातून पाहिलेलं. मी जवळून पाहिलं, कारण मी त्यात होतो.

अमरावतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला बारा मिनिटांची फिल्म करावी लागते. दिवाळी झाल्यावर प्रतीक्षा पाच दिवसांसाठी तिघांना घेऊन घरी आली. कॅमेरा धरणारा शुभम, धारणीकडचा, अतिशय अबोल. मुख्य काम करणारी आकांक्षा. आणि आवाज टिपणारी गीतांजली, जिच्या हातातल्या काठीला माईकचं केसाळ बोंडूक होतं. आपल्या मांजरीनं ते पाहिलं आणि ती जी पळाली ती दोन दिवस घरात आली नाही. मला वाटलं, पोट्टे आहेत, चार दिवस वावरात हुंदडतील, हुरडा मागतील आणि जातील. पहिल्याच सकाळी सहा वाजता प्रतीक्षा वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी होती, हातात वही, आणि ऊन गोबीवर कुठून येतं, किती वाजता येतं ते लिहून घेत होती. मी तीस वर्षं त्या धुऱ्यावर उभा आहे. ऊन कुठून येतं ते मला माहीत आहे, पण त्याच्याकडे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

गोष्ट तिनं मला आधी सांगितली नाही. एवढंच म्हणाली, "एका पोरीची हाये, बाबा. तिले एसटीत कंडक्टरची नोकरी लागते." मी "बरं" म्हणालो आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेलो. का निघून गेलो ते तुला सांगायला नको.

बसचा प्रसंग करायचा होता, पण बस नव्हती. एसटीत शूटिंग करायला परवानगी लागते आणि ती वेळेत मिळण्यासारखी नव्हती. शुभमचं तोंड उतरलं. तुझी बहीण उठली आणि तिनं आपली बाज अंगणात ओढली. बाजेवर आकांक्षाला उभं केलं, वर कडुलिंबाच्या फांदीला दोरी बांधून तिच्या हातात दिली. मला आणि शेजारच्या खुशालरावांना दोन्ही बाजूंनी बाज हलवायला लावली. आई आरसा घेऊन उन्हात उभी राहिली आणि आकांक्षाच्या तोंडावरून उजेड सरकवत राहिली, थांबून, सरकवून, जशी खिडकीबाहेर झाडं जातात तशी. गीतांजली आदल्या दिवशीच मूर्तिजापूरपर्यंत जाऊन एसटीचा आवाज भरून घेऊन आली होती. खुशालराव मला हळूच म्हणाले, "उत्तमराव, आपुन येडे झालो काय?" मलाही तसंच वाटलं. पण पडद्यावर पाहिलं तेव्हा ती गच्च भरलेली बस होती, करिश्मा. माझ्या हातांनी बाज हलवली असूनही मला ती बसच दिसली.

आणखी एक सांगतो. तुझी आई भाकरी थापताना शुभमनं घेतलेला एक तुकडा होता. चुलीचा जाळ, आईचा हात, पिठाची धूळ. आम्ही सगळे तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहायचो. प्रतीक्षानं तो काढून टाकला. आई फुगून बसली, तर म्हणते, "आई, लय चांगला हाये, पण या गोष्टीचा नाही." मला ते पटलं. रोपं दाट झाली की चांगलं रोपसुद्धा उपटावं लागतं, नाहीतर एकही गड्डा धरत नाही. हे मी कोणाला शिकवलं नव्हतं. ती माझ्याच वाफ्यात खेळून शिकली असेल, किंवा तिला उपजतच कळत असेल. बापाला आपली लेकरं किती थोडी माहीत असतात.

आता माझ्या कामाचं. गोष्टीतल्या बापाचं काम करायला अमरावतीहून एक नाटकातले गृहस्थ येणार होते. त्यांची आई आजारी पडली. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला आणि चौघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "मले जमत नाही." प्रतीक्षा म्हणाली, "एकच वाक्य हाये, बाबा. बोलायचं आन् निघून जायचं." आणि तिनं कागद माझ्या हातात दिला.

वाक्य एकच होतं. मी ते वाचलं, घडी केली आणि खिशात घातलं. पाठ करायची गरज नव्हती.

दुपारी ओसरीवर उभा राहिलो. समोर आकांक्षा, हातात नोकरीचं पत्र. पहिल्या वेळी मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गीतांजलीनं कानावरचं यंत्र काढून फेकलं. मग फटफटी गेली. मग लाईन आली आणि मोटार सुरू झाली. मग शब्द पुढचे मागे झाले. सात झाले, नऊ झाले, बारा झाले. शुभम थकला, मी घामाघूम झालो, पण तुझ्या बहिणीचा आवाज एकदाही चढला नाही. बाराव्या वेळेनंतर ती माझ्याजवळ आली, माझी टोपी सरळ केली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाबा, तुमी रागावून राहिले. हा माणूस रागावला नाही. याले भेव वाटून राहिलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एकवीस वर्षांची पोरगी. त्या माणसाला भेव वाटत होतं हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तुझ्या आईलासुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं उत्तमराव इज्जतीसाठी अडून बसला आणि मीही तसंच वाटू दिलं, कारण भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा कडक म्हणवून घेणं सोपं असतं.

सतराव्या वेळी मी ते वाक्य हळू बोललो. "नाही म्हंजे नाही. आपल्या घरची पोरगी लोकाइच्या गर्दीत तिकिटं फाडत फिरनार नाही." माझेच शब्द, करिश्मा. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. आकांक्षानं मान खाली घातली, पत्राची घडी केली, "बरं बाबा" म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला. कॅमेरा थांबला तरी मी ओसरीवरच उभा होतो. तेरा वर्षांपूर्वी त्या दिवशी घरात पाहुणे बसले होते आणि तूसुद्धा अशीच आत जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला होतास. कपबश्या एकदाही वाजल्या नव्हत्या.

तरी मला कळेना, प्रतीक्षाला हे सगळं कसं माहीत? ती तेव्हा आठ वर्षांची, दिवसभर शाळेत. पाचव्या दिवशी त्यांनी गोठ्यातला प्रसंग घेतला. आकांक्षा गाईची धार काढता काढता खोट्या प्रवाशांना दटावते, "चला, पुढं सरका, मंधात उभं राहू नका! कोन राह्यलं तिकिटाचं?" हे तू करायचीस. नेमणुकीचं पत्र आल्यापासून मी नाही म्हणेपर्यंत, नऊ दिवस, रोज. तुला वाटायचं कोणी ऐकत नाही. मी भिंतीपलीकडे कडबा रचत असायचो आणि तोंडात उपरणं धरून हसायचो. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

गेल्या शनिवारी अमरावतीला कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवली. मी आणि आई सकाळच्या गाडीनं गेलो. आई नवं लुगडं नेसली होती, आणि स्वतः पडद्यावर नाही याचा राग अजून गेला नव्हता. सात फिल्मा होत्या. आपली पाचवी. स्वतःला एवढं मोठं पाहणं काही चांगलं नाही. मान किती वाकली आहे ते मला माहीत नव्हतं. पण मग माझं वाक्य आलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई हळूच "अरे देवा" म्हणाल्या. मला वाटलं, त्या आता बापाला शिव्या देतील. त्या डोळे पुसत होत्या, पण गोष्टीतल्या पोरीसाठी की बापासाठी, ते मला समजलं नाही. तुझ्या बहिणीनं त्या बापाला वाईट केलं नाही, करिश्मा. तिला ते सहज करता आलं असतं, लोकांनी टाळ्याही जास्त वाजवल्या असत्या. तिनं फक्त खरं दाखवलं.

शेवटी पाट्या आल्या. कॅमेरा शुभम, आवाज गीतांजली. त्यांच्याही वर, सगळ्यात आधी आणि एकटंच, कथा – करिश्मा.

आईनं माझा हात धरला. बाहेर आल्यावर मी प्रतीक्षाला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात ती धामणगावला तुझ्याकडे आठ दिवस होती. तिला गोष्ट सापडत नव्हती, रडकुंडीला आली होती, तेव्हा तू स्वयंपाक करता करता तिला सगळं सांगितलंस. एकच अट घातलीस. प्रतीक्षा म्हणाली, "ताई म्हने, बाबाले नको सांगू माही गोष्ट हाये म्हनून. त्याइले वाईट वाटंल." आणि बापाला भेव वाटलं असेल, हेही तूच तिला सांगितलं होतंस. म्हणजे तुला ते त्या दिवशीच कळलं असावं. तरी तू "बरं" म्हणालीस. प्रतीक्षाचं कौतुक मी गावभर करतो आहे आणि करणार आहे. पण गाडीत बसून परत येताना मूर्तिजापूरपर्यंत मी तिचा नाही, तुझा विचार करत होतो.

त्या दिवशी तू मला "काहून?" एवढंच विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते आज देतो. तुझं नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी भाजी विकून परत येत होतो. अकोल्याच्या स्टँडवर गाडी भरलेली, कंडक्टर बाई, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. एका दारू प्यालेल्या माणसानं तिची बॅग ओढली, घाणेरडं बोलला. आम्ही पन्नास जण बसलो होतो. कोणी उठलं नाही. मी दारापासून दुसऱ्या बाकावर होतो, रिकामी पोती मांडीवर घेऊन, आणि मीही उठलो नाही. तिनं एकटीनं त्याची गचांडी धरून त्याला खाली उतरवलं, केस नीट केले आणि घंटी मारली. घरापर्यंत मी तिच्याकडे वर पाहू शकलो नाही. मी तिची हिंमत पाहायला पाहिजे होती. मी फक्त एवढंच पाहिलं की माझी पोरगी तिथं उभी असेल आणि गाडीत माझ्यासारखीच पन्नास माणसं बसलेली असतील. माझ्या भित्रेपणाची शिक्षा मी तुला दिली. तू संसार चांगला केलास, जीवनराव भला माणूस आहे, पण त्यामुळे माझी चूक लहान होत नाही. मला माफ कर, असं म्हणायला मला तेरा वर्षं लागली. ते तोंडानं म्हणता येत नाही म्हणून लिहून म्हणतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आपल्या शाळेच्या हेडमास्तरांना फिल्म गावात दाखवायची आहे, पटांगणात पडदा लावून. सगळं गाव येईल. पाटीवर तुझं नाव पाहून लोक विचारतीलच. मला तिथं उभं राहून सांगायचं आहे की ही खरी गोष्ट आहे, ही पोरगी माझी आहे आणि तो बाप मी आहे. ज्यांच्या पोरी आत्ता बारावीला आहेत त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं. पण गोष्ट तुझी आहे. तुझ्या सासरी कोणाला काय वाटेल, तुला स्वतःला काय वाटेल, हे मी इथं बसून ठरवणार नाही. एकदा तुला न विचारता ठरवलं होतं. हेडमास्तरांना सांगून ठेवलं आहे की पोरीचं पत्र येईपर्यंत तारीख धरू नका. जीवनरावांशी बोल, पाहिजे तेवढे दिवस घे. तू होकार दिलास तर तुला आणायला मी स्वतः धामणगावला येईन, आणि नकार दिलास तर काहून म्हणून विचारणार नाही.

तुझाच,
बाबा