चरबी-कलेजीची क्लिप

३ सप्टेंबर

लागली एकदाची नोकरी! शिमकेंतला उतरलो तेव्हा ऊन असं सणसणीत होतं की स्टेशनाबाहेर आख्खं खरबूज घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या संपवलं. आमच्या उत्तरेत, कोळसाखाणींच्या कारागांडीत, एव्हाना लोकांनी कोट बाहेर काढले असतील.

स्टुडिओ एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर आहे. मालकीण रौशान, सगळे तिला आपाय म्हणजे ताई म्हणतात, आवाजाने खिडक्या हलवणारी बाई. चहा ओतता ओतता विचारते, तुमच्याकडची पोरं अशी वाळकी का रे, तिकडे मेंढ्याही कोळसाच खातात की काय? मी हसलो. बाई आवडली.

काम सरळ आहे. वर्षानुवर्षांच्या लग्नांचं चित्रण जुन्या हार्ड डिस्कवर पडलंय. प्रत्येक लग्नाचा एडिटिंगचा प्रोजेक्ट, त्याच्या सगळ्या क्लिपांसकट, साठवणीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोड करायचा. ते चेहरे ओळखून माणसं वेगळी काढतं. कुणाचे आजोबा वारले की घरचे वर्षभराने होणाऱ्या आठवणीच्या जेवणात दाखवायला त्यांचं जुन्या लग्नातलं बोलणं मागायला येतात; ते चटकन सापडायला हवं.

दोन खोल्यांचं घरही मिळालंय. महिनाअखेर धाकट्या बहिणीला, आक्बोताला, इकडे आणतो. आई-वडील गेल्यापासून ती मावशीकडे आहे आणि मावशी तिला उजवायला टपलीय. तिला तर दातांची डॉक्टर व्हायचंय. बापाच्या जागी आता मीच असल्यामुळे माझ्याशिवाय तिचं लग्न कुणी ठरवू शकत नाही, आणि मी इतक्यात ठरवणार नाही.

६ सप्टेंबर

काम जमलं, पोट बिघडलं. खाली हॉलचं स्वयंपाकघर आहे आणि उकडत्या मेंढीच्या मांसाची वाफ सकाळपासून फटीफटीतून वर येते. पडद्यांना वास, केसांना वास, कीबोर्डसुद्धा चिकट.

त्यात दिवसभर बघायचं काय, तर चरबी-कलेजी. मुलीकडच्या जेवणात मुलाची माणसं आणि मुलीची माणसं एकमेकांना मेंढीच्या शेपटाची चरबी आणि कलेजी हाताने भरवतात. ती खाल्ली की सोयरीक पक्की, मग कुणाला माघार नाही. मलाही ठाऊक आहे की चांगला रिवाज आहे. पण मोठ्या पडद्यावर बघा एकदा! ती पांढरी थुलथुलीत चरबी, कुणाची तरी चार बोटं दुसऱ्याच्या तोंडात मुळापर्यंत, हनुवटीवरून ओघळणारं तेल, आणि उरलेलं हसत हसत गालांना फासायचं. मला लहानपणापासून शेपटाच्या चरबीची शिसारी आहे. आज डबा तसाच परत नेला.

येरिक, आमचा एडिटर, टेबलाशी बसून हाड चोखत होता. म्हणतो, सांझार, तुझ्या लग्नात तुला काकडी भरवू.

९ सप्टेंबर

एखादी क्लिप सापडली नाही की सॉफ्टवेअर तिची जागा लाल दाखवतं. एका लग्नात नेमकी चरबी-कलेजीची क्लिप लाल. येरिकला विचारलं तर मान वर न करता म्हणाला की ती लालच राहू दे, तुझ्या बापाचं काय जातंय.

मला अर्धवट काम बघवत नाही. खालच्या खणात, भाकरीच्या फडक्यात घट्ट गुंडाळलेलं एक कॅमेऱ्याचं कार्ड मिळालं. त्यात एकच क्लिप, नाव तेच. जोडून टाकली. सॉफ्टवेअरने विचारलं, याच नावाच्या बाकीच्या क्लिपांच्या जागीही हीच जोडू का? वाफेने डोकं भणभणत होतं. दाबलं ‘हो’.

मागून कळलं काय करून बसलो ते. कॅमेरा प्रत्येक नव्या कार्डावर क्लिपांना पहिल्यापासून तीच नावं देतो. म्हणजे ही एक क्लिप आता सगळ्या लग्नांत घुसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. उद्या निस्तरतो.

१० सप्टेंबर

निस्तरत नाहीये.

क्लिपमध्ये एक म्हातारी आहे. पांढरं शिरोवस्त्र, तळहातावर चरबी-कलेजी, समोर तोंड उघडून बसलेला नवरीचा भाऊ. आता ती प्रत्येक लग्नात आहे. पण क्लिप एकच, तर प्रत्येक ठिकाणी हॉल त्या त्या लग्नाचा कसा? टेबलावरची बशी त्या लग्नाची, मागची पाहुणेमंडळी त्या लग्नाची. मधोमध ही, तीच चरबी घेऊन. चरबी मात्र ताजी राहिलेली नाही. पिवळी पडलीय, कडांना हिरवट बुरशी, आणि नवरीचा भाऊ ती मिटक्या मारत खातोय.

बेसिनवर जाऊन ओकलो.

११ सप्टेंबर

रौशान आपायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईचा आवाज खाली गेला असेल. आधी मला गाढवाच्या लेका म्हणाली, मग दार लावून घेतलं.

म्हातारीचं नाव बालझान. तिच्या मुलाची सोयरीक झाली होती, दोन्हीकडून चरबी-कलेजी खाल्ली होती, आणि लग्नाआधी मुलगा वारला. मुलीकडच्यांनी मुलगी दुसरीकडे दिली. बालझान म्हणत राहिली की खाल्लंय ना तुम्ही माझ्या हातचं, मग माझी सून कुठाय? त्याच दुःखात मेली. पुरल्यानंतर काही दिवसांनी एका लग्नात, भरल्या हॉलमध्ये, तिने नवरीच्या भावाला घास भरवला. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याचं होतं. ती नवरी आठवड्यात मेली. आपायने क्लिप काढून ठेवली. लग्नाचं चित्रण पुसायला हात धजेना.

तिला अजून सून हवीय, आपाय म्हणाली. घरात लग्नाची पोर असलेल्या पुरुषाला ती शोधते. मग मला विचारलं, तुला बहीण आहे का रे?

मी नाही म्हणालो. का, ते कळत नाही.

१२ सप्टेंबर

क्लिप पुसायला गेलो. सॉफ्टवेअर म्हणतं, वापरात आहे.

तोंड उघडून बसलेला तो भाऊ आता सगळीकडे पाठमोरा आहे. सॉफ्टवेअरने त्याच्याभोवती चौकट आखली आणि विचारलं, हा सांझार आहे का? मी ‘नाही’ दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नाही’. मग विचारणं बंद झालं आणि खाली माझं नाव आलं.

येरिकने वायर उपटली. पडदा काही विझला नाही. येरिक कोट उचलून गेला, हाड टेबलावरच टाकून.

१३ सप्टेंबर

स्टुडिओत गेलो नाही. घरीच आहे. तरी तो वास.

लॅपटॉप मी उघडलेला नाही, पण उघडा आहे. पडद्याच्या आतल्या बाजूला तेलकट बोटं उमटलीत. आतल्या. पुसून जात नाहीत.

आपायचा फोन: काही झालं तरी म्हातारीसमोर तोंड उघडू नकोस. खाल्लंस की बहीण दिलीस. म्हणजे आपायला माझं खोटं तेव्हाच कळलं होतं. दात आवळून बसलोय. पाणीसुद्धा नाही.

आक्बोताला निरोप टाकला, मावशीच्या घराबाहेर पडू नकोस, कुणी आलं तरी. तिने हसरे चेहरे पाठवले.

१४ सप्टेंबर, दुपार

जांभई —

नुसती जांभई आली. झोप नाही, म्हणून. तोंड उघडलं आणि बोटं — थंड, चिकट, नखांसकट — जिभेवर गार गोळा, टाळूवर दाबलेला अंगठा. आंबूस. केस होते त्यात. थुंकायच्या आत घशाखाली —

ओकतोय. काहीच बाहेर येत नाही. गेलं ते गेलं. गालांवर ओलं. हनुवटीवर ओघळ. तिने फासलंय.

तेव्हाच

आक्बोताचा फोन. खूश होती. मला दादा न म्हणता आगाच म्हणते ती. म्हणाली, आगा, आधी सांगायचंस ना, वेड्या! आजी आल्यात कारागांडीला, किती लाड करतायत. कानांत सोयरिकीचे डूल घातले स्वतःच्या हाताने. जरा दुखतायत, निघत नाहीत. मावशी रडतेय, आनंदाने असेल. आजी म्हणाल्या, तुझा भाऊ होकार देऊन बसलाय, आता त्याने एकदा नाही म्हटलं तरच मी फिरेन. लिहिलेलं चालणार नाही, तोंडचा शब्द हवा, फोनवर विचारून घे. गाडी दारात आहे.

विचारते — आगा, जाऊ ना?

लॅपटॉपमधून हात बाहेर आलाय. कोपरापर्यंत. भरलेला. माझ्या ओठांपाशी थांबलाय, वाट बघतोय.

नाही म्हणायला तोंड उघडावं लागेल. उघडलं की घास.

विचारतेय, आगा, ऐकू येतंय ना? गप्प का? बरं, मग निघते मी —

लिहितोय, लिहिलेलं तिला कुठून — ओठ उघडतो, एकदाच, नाही एवढंच, एकच अक्षर पुरे — ना —