खोकीवालीचा एक हात

मी, पुठ्ठ्याची खोकी करणारी, वय पंचाहत्तर, कान मंद पण डोकं ठिकाणावर, कुणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचाय) राजीखुशीने लिहून ठेवते की:

१. राहते घर मुलाला. छप्पर गळतं, तेही त्यालाच.

२. कारखाना, कापायचे मशीन व गिऱ्हाइके सुनेला. मशीन कुरकुरलं तर तेल घाल गं, शिव्या नकोत. मुलाने मध्ये पडू नये. धंदा तिने सांभाळला, हा फक्त जेवायला यायचा.

३. गल्लीतल्या सहकारी बँकेतले माझे भाग, म्हणजे शेअर. हे मशीन घेताना मोठ्या बँकेने मला दारातूनच कटवलं. "बाई, निर्णय मुख्य कचेरीत होतो," म्हणे. मुख्य कचेरीने माझं खोकं कधी पाहिलं होतं? गल्लीतल्या बँकेचे मालक आम्ही दुकानदारच. तिचा मॅनेजर कारखान्यात आला, खोक्यावर चक्क उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, टिकतंय की! देऊ कर्ज."

आता तीच मोठी बँक आमची बँक गिळायला निघाली आहे. भाव बरा देतात. मुलगा म्हणतो, "आई, विकून मोकळी हो." अरे गाढवा, उद्या तुझ्या बायकोला नवं मशीन घ्यायला कर्ज कोण देईल?

बँक विकायची की नाही, ते भागधारकांच्या सभेत ठरणार; तिथे भाग कितीही असोत, माणशी मत एकच. सगळे एकाला दिले तर एकच हात वर होणार. सबब ते वाटावेत: सुनेला, शिंपिणीला, बेकरीवाल्याच्या दोन्ही मुलींना, आणि समोरच्या छापखानेवाल्यालाही. त्या मेल्याचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण त्यालाही नवं यंत्र घ्यायचंय, आणि हट्टाला तो माझ्याहून वरचढ. एक भाग मुलाला. मत कुणाला, ते बायकोसमोर बसून ठरव म्हणावं.

४. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, हे तुमच्या पश्चातच लागू होईल." सभा रविवारी आहे, आणि तोवर मरायला मला सवड नाही. म्हणून कालच सगळ्यांना बँकेत नेऊन भाग त्यांच्या नावावर करून दिले. छापखानेवाला सही करताना रडला. मलाही भरून आलं, पण त्याच्यासमोर कशाला दाखवा! तेव्हा कलम ३ खाली वाटण्यासारखे काही उरलेले नाही. एक भाग मी स्वतःकडे ठेवला आहे. रविवारी पहिला हात माझा.

लिहून ठेवणार: खोकीवाली (सही)
साक्षीदार: सायकलवाला (सही), चष्मेवाली (सही)
ठिकाण: कारखान्याचा माळा
दिनांक: सभेआधीचा शुक्रवार