दादाच्या मशीनपुरतं ऊन

११ डिसेंबर, वैतरणा धरणाचा काठ
पोचलो. वहिनी शेवटपर्यंत नको म्हणत होती. पण दादाच्या फुफ्फुसांपुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि त्याला एकदा इथं तंबू ठोकायचा होता. आम्ही दोघं पूर्वी यायचो तसा. ऑक्सिजनचं मशीन जीपच्या बॅटरीवर. ती उतरू नये म्हणून घडीचं सोलर पॅनेल बॉनेटवर पसरलं, बॅटरीला चिमटे लावले. चार्जिंगचा हिरवा दिवा लागला. निफाडपासून गप्प बसलेला दादा आता मासे मागतोय.

१२ डिसेंबर
सकाळपासून आभाळ. दिवा लागतच नाही. पॅनेल उचलून पाण्याजवळ नेलं, इकडे तोंड, तिकडे तोंड. शून्य. मशीन मात्र बॅटरी खातंय. दुपारी चावी फिरवली, नुसतं टिकटिक. जीप मेली, मशीनही बंद पडलं. सोबतचा छोटा सिलिंडर लावला. रेंज नाही. मदत आणायला जावं तर याला एकटं कसं सोडू?
तंबूत त्याच्या श्वासाचा आवाज. दुसरं काही ऐकूच येत नाही.

१३ डिसेंबर
दादाने नळी स्वतःच काढली. "बसल्या बसल्या सिलिंडर कशाला जाळायचा? ठेव." ओठ निळे. मी ओरडलो. तो म्हणाला, "पक्या, मला घरी नाय जायचं. छताकडं बघत मरू का?"
जीपच्या मागे जाऊन रडलो. त्याला कळलं असणार.
दुपारी पातळ ऊन. हिरवा दिवा! पण ऊन एवढंसं. त्यावर मशीन चालवावं तर जीप सुरू होणार नाही, जीपला द्यावं तर तोवर दादा...
"जीपला दे," दादाच म्हणाला.
सिलिंडरचा काटा तळाला आलाय.

१४ डिसेंबर
सिलिंडर थोडा थोडा उघडत रात्र काढली. सकाळभर पॅनेल उन्हामागे फिरवलं. जीप सुरू झाली. चालू इंजिनवर मशीनही सुरू. दादाला उचलून बसवला. किती हलका झालाय.
घोटीला रेंज आली. वहिनीचा पहिला शब्द, "आहेत ना?" फोन त्याच्या कानाला लावला. "येतोय," एवढंच बोलला.

तोच दिवस, नाशिक
हॉस्पिटलच्या आवारात उभे आहोत. इंजिन बंद करायची हिंमत नाही. हॉस्पिटलमधला माणूस दोनदा विचारून गेला, स्ट्रेचर आणू का. दादाने जीपच्या दाराचं हँडल आतून घट्ट धरलंय, माझ्याकडे बघत नाही. मी त्या माणसाला अजून हो म्हटलेलं नाही.