दोनदा लावायचं दार

गंगापूर रोड, नाशिक
१२ नोव्हेंबर २०००

चि. सौ. वत्सला हिस
अ. उ. आ.

फोनवर मी धड बोलत नाही, ही तुझी तक्रार प्रतिभाने माझ्यापर्यंत पोचवली. काय करू? ते यंत्र कानाला लावलं की मी ओरडायला लागतो आणि मग कधी एकदा ठेवतो असं होतं. म्हणून पत्र. नांदेडला पोचेपर्यंत बातमी शिळी होईल, होऊ दे.

बातमी अशी, की अण्णांची गाडी विकली आणि नवी घेतली. कंपनी तीच, नाव तेच, रंगही पांढराच, फक्त पुढच्या पिढीची. तुला ठाऊक आहे, सातपूरला पत्र्याचे पार्ट तपासण्यातच माझा जन्म चाललाय. शोरूममध्ये गेलो आणि सवयीने दारावर अंगठा दाबला. दार आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं! विकणारा पोरगा खोटं खोटं खोकला. अण्णा ओल्या झेंडूच्या पाट्या टपावर रचायचे तरी तो टप हूं की चूं करायचा नाही. या टपावर कबुतर बसलं तरी पोचा येईल.

पण खोटं कशाला बोलू, जोडणी फार सुंदर आहे. दाराच्या फटीतून नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत कुठे अडलं नाही. खडखड नाही, सीटला पट्टे आहेत, दिवे लख्ख. आणि दार म्हणजे एका बोटाने ढकललं की नुसतं टप् करून बसतं. अण्णांच्या गाडीचं दार आठवतं ना? बिजागरीतून लोंबलेलं. एकदा आपटायचं, ते लागायचं नाही, मग हँडल धरून वर उचलायचं आणि पुन्हा आपटायचं. अण्णा गेल्यावर तीन वर्षं मीही रोज तेच करत होतो. मालेगावच्या हनीफभाईंना दिली गाडी, त्यांचं यंत्रमागांच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

आईची नजर आता पूर्णच गेली. काचबिंदूने नेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय हल्ली विसरतेही फार. नव्या गाडीतून तिला देवळापर्यंत फिरवून आणलं, तर सीटवर हात फिरवत ही कुणाची गाडी म्हणून विचारत होती.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, थोडा वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझा दादा


नांदेड
२६ नोव्हेंबर २०००

ती. दादास
सा. न. वि. वि.

अरे, मुलगी बघायला गेल्यासारखा गाडी बघायला गेलास की! दात मोजायचे तेवढे राहिले. आमच्याकडे तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि कबुतरापाशी हे इतके हसले की चहा सांडला.

पण खरं सांगू? गाडी विकल्याचं वाचून आधी ते दारच आठवलं. अण्णा फुलबाजारातून परत यायचे तेव्हा आधी पहिला थड् ऐकू यायचा. आई तवा ठेवायची. मग दुसरा थड् झाला की पहिली भाकरी तव्यावर. अण्णा हात धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असायची. आई कधी घड्याळ बघायची नाही, दार ऐकायची. मी तिला चिडवायचे की तुझा नवरा घंटा वाजवून येतो. ती लाजून मला पळीने मारायला धावायची.

आईचं सविस्तर लिही. फोनवर तिने मला अण्णा आले का म्हणून विचारलं. मी ह्यांच्या हातात फोन दिला.

प्रतिभावहिनीला नमस्कार, आणि तुला थोडा कमी, आई असं विचारते हे तू आधी कळवलं नाहीस म्हणून.

तुझी वत्सला


नाशिक
१४ जानेवारी २००१

चि. सौ. वत्सला हिस
अ. उ. आ.

तिळगूळ वेगळा पाठवलाय. या पत्रात गोड काही नाही.

आई जेवत नाही. गाडी विकल्यापासून हे सुरू झालं, पण आमच्या ते लक्षात यायला वेळ लागला. संध्याकाळ झाली की ओट्यावर जाऊन बसते आणि हे अजून आले नाहीत म्हणते. आधी वाटलं, म्हातारपण आहे. मग एके दिवशी मीच तिच्याजवळ बसून समजावलं, की आई, अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. वत्सला, तिने हंबरडा फोडला! जणू आत्ताच कुणी निरोप आणलाय. कपाळावर हात मारून घेतले, बांगड्या चाचपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं विसरली आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. मी मूर्खासारखं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं.

प्रतिभाच्या ध्यानात आलं ते मला आलं नाही. ती म्हणाली, तीन वर्षं तुम्ही ते दार दोनदा आपटत होतात आणि आईंच्या मनाने रोज मामंजी घरी येत होते. मी घरात शिरलो की ती निवांत जेवायची. मला वाटायचं, मी आलो म्हणून जेवते.

नव्या गाडीचं दार दोनदा आपटून पाहिलं. टप् टप्. आत आई प्रतिभाला म्हणाली, पाहुणे आलेत, पाणी दे.

ती अगदी वाळलीय गं. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्न गेलं नाही तर औषध काय करणार?

दादा


नांदेड
२३ जानेवारी २००१

ती. दादास
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. आता ऐक. आईला अण्णा गेल्याचं पुन्हा सांगायचं नाही. कुणीही नाही. बाई एकदा विधवा झाली तेवढं पुरे झालं, तिला रोज संध्याकाळी विधवा करायचं काही कारण नाही.

आणि मालेगावला जा. हनीफभाईंच्या हातापाया पड, पण ती गाडी परत आण. त्यांनाही आई असेलच ना? हे म्हणत होते की यात आईची फसवणूक होते. होऊ दे. उपाशी मरण्यापेक्षा फसलेली बरी.

हे लिहिताना तुझ्यावर ओरडतेय असं वाटेल. ओरडतच आहे. तरी माया तुझ्यावरच.

वत्सला


नाशिक
११ मार्च २००१

चि. सौ. वत्सला हिस
अ. उ. आ.

आई जेवली. हे आधी लिहितो म्हणजे बाकीचं तू नीट वाचशील.

मालेगावला गेलो, तर गाडी नव्हती. हनीफभाई फार भला माणूस. त्याने चहा पाजला आणि संकोचत सांगितलं, की पायाखालचा गाडीचा तळच एक दिवस खाली गेला. वरचा पत्रा जाडजूड, पण खालून गंजाने चाळण झालेली. मी वरून अंगठे दाबत राहिलो आणि खाली वाकून कधी पाहिलंच नाही. नव्या गाडीला खालून गंज धरू नये म्हणून लेप आहे, तेव्हा कोणती मजबूत म्हणायची ते आता मला विचारू नकोस. त्याने गाडी मोडीत दिली होती. दारं तेवढी धड होती म्हणून मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती. अण्णांचं दार मी लांबूनच ओळखलं. काचेच्या खाचेत झेंडूची वाळकी पाकळी अडकलेली होती. त्याने पैशाचं नाव काढू दिलं नाही. आईसाठी म्हणालो तर स्वतः उचलून नव्या गाडीत मागे घालून दिलं.

सातपूरच्या सोमा वेल्डरला घरी आणला आणि पोर्चमध्ये लोखंडी चौकट ठोकून त्यात ते दार बसवलं. शेजारचे कुंपणावरून बघत होते. मल्हाररावांचं डोकं फिरलं असं म्हणालेच असतील. मी काटकोन बघायचा गुण्या लावून सोमाच्या डोक्यावर उभा, फट वरखाली सारखी नाही म्हणून त्याच्याकडून दोनदा बिजागरी काढून घेतली. बिचाऱ्याने शेवटी असं बसवलं की शोरूमला लाजवेल. संध्याकाळी मी ते आपटलं. पहिल्याच फटक्यात बसलं! दुसरा आवाज यायला जागाच नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. लाइनीत नसलेला माल आयुष्यभर परत पाठवला मी. आता सोमाला म्हणालो, वरची बिजागरी सैल कर, दार लोंबलं पाहिजे. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. पण केलं त्याने. पुन्हा आपटलं. थड्. लागलं नाही. हँडल धरून वर उचललं. थड्.

आतून आईचा आवाज आला. प्रतिभाला सांगत होती, की तवा ठेव गं, आले हे.

मी तिथेच दाराला धरून उभा राहिलो. मग मागच्या दाराने घरात गेलो. प्रतिभा सांगते, दीड भाकरी खाल्ली.

लोभ राहू दे. तू ओरडलीस ते बरं केलंस.

दादा


नांदेड
७ जून २००१

ती. दादास
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. वहिनीने दिलेल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. आईच्या अंगावर पुन्हा मूठभर मांस चढलेलं बघून जीव भांड्यात पडला. ते दार मीही आपटून पाहिलं. तुझ्यासारखं जमलं नाही, आई म्हणाली वारा सुटलाय.

पण तिथे असताना बोलले नाही ते लिहिते. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला जवळ घेतलं आणि कानाशी हळूच विचारलं, की तुझे अण्णा माझ्यावर रागावलेत का? दार लावलेलं ऐकू येतं, पण मग माणूस आत येत नाही, माझ्याजवळ बसत नाही. माझं काय चुकलं ते तू त्यांना विचारून सांग. दादा, तिचे डोळे दिसत नाहीत पण पाणी तेवढंच येतं रे त्यांतून.

तू दार आपटतोस आणि मागच्या बाजूने घरात येतोस, मी पाहिलंय. तुला ते सोंग वाटतं, कळतं मला. पण आता दार वाजवलंस तर आतही ये. अण्णा बाजारातून उरलेली फुलं आणून तिच्या ओंजळीत घालायचे आणि काही न बोलता जेवायला बसायचे. तेवढंच कर. तुझा आवाजही अण्णांवर गेलाय.

तुला हे सांगताना फार जड जातंय. रागावलास तरी उत्तर पाठव.

वत्सला


नाशिक
२० जानेवारी २००२

चि. सौ. वत्सला हिस
अ. उ. आ.

आईच्या दहाव्यापर्यंत तू होतीस, तोवर घर भरल्यासारखं होतं. तू गेलीस आणि मी पोर्चमध्ये जाऊन उभा राहतो, पण दाराला हात लावत नाही. प्रतिभा ते काढून ठेवू या म्हणते. असू दे म्हणालो.

तू विचारलंस आणि मी टाळलं, ते आता लिहितो. तू सांगितलंस तसंच केलं मी. रोज येताना फुलबाजारातून ओंजळभर झेंडू आणायचा, दार दोनदा लावायचं, आत येऊन तिच्या ओंजळीत फुलं घालायची आणि जेवायला बसायचं. ती फुलांचा वास घ्यायची आणि मला अहो म्हणायची. पहिल्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठलो. मग सवय झाली. आईने पोटच्या पोराला अहो म्हणावं याचीही सवय होते, बघ. ती खूश होती, वाद नाही. गेली ती भरल्या पोटी गेली.

पण दिवाळीनंतर ती एक वेगळंच विचारायला लागली. फुलं हातात घेतली की म्हणायची, अहो, तुम्ही आलात, पण मल्हारी अजून कंपनीतून आला नाही. त्याला उशीर का होतो हल्ली? मी सांगायचो, येईल. एकदा राहवलं नाही. तिचा हात माझ्या तोंडावर फिरवला आणि म्हणालो, आई, मीच गं मल्हारी. तर हसली आणि म्हणाली, थट्टा करू नका, पोराची गाडी मला ऐकू आली नाही अजून.

दुसऱ्या दिवशी मी फक्त नव्या गाडीचं दार लावलं आणि आत जाऊन आई म्हणून हाक मारली. तिला पोरगा आल्याचा पत्ताच नाही. इतकं छान बसतं ते दार वत्सला, इतकं बिनआवाजाचं, की मी घरी आलेला तिला कधी ऐकूच आलो नाही. मग मुकाट्याने परत गेलो आणि अण्णांचं दार दोनदा आपटलं, नाहीतर ती जेवली नसती.

शेवटच्या संध्याकाळी तू वाटेत होतीस. तिने माझा हात घट्ट धरला होता. पोरासाठी जेवायला थांबू नका, पण त्याच्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवा, असं मला सांगितलं. मी हो म्हणालो. अण्णांच्या आवाजात हो म्हणालो. प्रतिभाने खरंच दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मी खाल्ल्या.

कंपनीत मला सगळे साहेब म्हणतात. प्रतिभा नाव घेत नाही. तेव्हा उत्तर लवकर पाठव, आणि मायन्यात नुसतं दादा नको, पूर्ण मल्हारीदादा लिही. आईने त्या नावाने मला हाक मारून फार दिवस झाले होते.

तुझाच,
मल्हारी